निळ्या किनारीचा पक्षी

कुणाला गळा असतो, कुणाच्या हाताला चव असते. मला जागा धरता येते. यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या सोसायटीतल्या मंडळींना नाटकाला पंख्याखालच्या खुर्च्या मिळतात, त्या काही आभाळातून पडत नाहीत. पडदा वर जायच्या कितीतरी आधी त्यांच्यावर माझे रुमाल पडलेले असतात. दवाखाना उघडायच्या आधी बाकावर डॉक्टरांची वाट बघत एक कापडी पिशवी बसलेली असते, ती माझी. आणि नुसता रुमाल टाकून भागत नाही. फार नीट घडी घातली तर लोकांना वाटतं कुणीतरी विसरून गेलं, आणि ते उचलून ठेवतात. फार चुरगळला तर कचरा म्हणून खाली टाकतात. रुमाल अर्धवट उलगडलेला असावा, एक कोपरा खुर्चीच्या फटीत खोचलेला असावा. तो बघितल्यावर समोरच्याला कळलं पाहिजे की हा माणूस परत येणार आहे आणि आला की भांडणार आहे.

माझ्या या गुणाचं घरात कुणाला फारसं कौतुक नव्हतं. अपवाद एकट्या सासऱ्यांचा. "जावईबापू आहेत म्हणजे बसायची चिंता नाही," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि माझी छाती उगाच दोन बोटं वर यायची.

सासरे घड्याळजी. उभा जन्म त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळांच्या पोटात बघण्यात घालवला. दुकान म्हणजे एका माणसाला आत आणि एका माणसाला बाहेर उभं राहता येईल एवढी फट. त्या फटीत समोरच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. त्यावर समुद्रातला एक खडक आणि त्यावर दाटीवाटीनं बसलेले पांढरे पक्षी. वर्ष संपलं, महिने फाटले, तरी चित्र तिथेच राहिलं, कारण ते काढलं तर मागचा पोपडा पडला असता. मान वर केली की सासऱ्यांना ते पक्षी दिसायचे.

मग त्यांचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नव्हते, जायला निघाले होते. डॉक्टरांनी भिंगं लावून पाहिली, दिवे मारून पाहिले आणि शेवटी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की हे आता परत येणार नाही, उलट पुढच्या वर्षापर्यंत उजेड-अंधार एवढंच कळेल. जे बघायचं असेल ते आत्ता बघून घेऊ द्या. बायको रडली. सासरे मात्र चप्पल घालता घालता म्हणाले, "आयुष्यभर हातभर अंतरावरचंच बघितलं. एकदा लांबचं काहीतरी बघायचंय. ते कॅलेंडरवरचे पक्षी खरंच असे उतरतात का?"

त्यांनी इतक्या वर्षांत माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. मी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. "बाबा, पक्षी दाखवणार. आणि पहिल्या रांगेतून दाखवणार."

तो किनारा कुठे आहे हे मला तोपर्यंत माहीतही नव्हतं. नकाशात बघितलं तर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काही नाही, आणि मधे बोटभर लांबीची रेघ. या बोटभर रेघेला बसनं जायला दिवसच्या दिवस लागतात, असं कळलं. वाटेत गावं जवळजवळ नाहीत. वाळूच्या टेकड्या आहेत, कडे आहेत, गरम पाण्याचे झरे आहेत, समुद्रानं पोखरलेल्या कमानी आहेत, आणि टोकाला तो खडक. पक्षी तिथे वर्षातून थोडेच दिवस, संध्याकाळी उतरतात. नंतर निघून जातात ते पुढच्या वर्षीपर्यंत. म्हणजे आमच्यासाठी हे एकच वर्ष होतं.

सोसायटीत बातमी पसरली. तळमजल्यावरचे प्राध्यापक इतिहास शिकवून निवृत्त झालेले, पण गॅलरीतून कावळे बघत असल्यामुळे पक्ष्यांवरचा अधिकार त्यांच्याकडे होता. त्यांनी सांगितलं, पांढरे कपडे घालू नका, पक्ष्यांना पांढरं चालत नाही. सेक्रेटरी म्हणाले, पांढरेच घाला, म्हणजे पक्ष्यांना आपलेच वाटाल. दोघांनी माझ्या दारात उभं राहून यावर वाद घातला आणि चहा दोनदा घेतला. शेवटी दोघांचं एका मुद्द्यावर एकमत झालं, ते म्हणजे माझ्यासारख्या माणसानं एवढ्या लांब म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाऊ नये.

सासूबाईंचे गुडघे बसच्या पायऱ्या चढणारे नव्हते. त्या मागे राहिल्या, पण त्यांचं राज्य बॅगेतून आमच्याबरोबर आलं. "परक्या गादीवर आपली चादर टाकल्याशिवाय पाठ टेकायची नाही," असं बजावून त्यांनी पांढऱ्या चादरींचा गठ्ठा दिला. त्यातल्या एकीला त्यांनी स्वतःच्या हातानं निळी किनार लावलेली होती. लाँड्रीवाल्यानं एकदा चादर बदलून दिल्यापासून प्रत्येकीच्या कोपऱ्यात आडनावही दोऱ्यानं भरलेलं असायचं. "निळ्या किनारीची यांना," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्या परत यायला हव्यात, जावईबापू."

त्या किनाऱ्यावर जायला परवाना लागतो. परवान्याच्या कचेरीत खिडकीपाशी रांग होती, पण रांगेत माझी पिशवी आदल्या दिवसापासून ओळखीच्या शिपायाकडे उभी होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न खिडकीच्या पलीकडे होता.

"प्रवासाचं कारण?" कारकुनानं विचारलं.

"पक्षी."

"नेणार की आणणार?"

"बघणार."

"बघणारसाठी रकाना नाही," तो म्हणाला. "नेणार असाल तर पशुवैद्यकीय दाखला लागेल. आणणार असाल तर पिंजऱ्याची मापं द्या."

मी त्याला सासऱ्यांचे डोळे, डॉक्टरांचं म्हणणं, कॅलेंडर, सगळं सांगितलं. त्याचा चेहरा हलला. त्यानं सासऱ्यांकडे बघितलं, पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मग वैद्यकीय कारणात टाकतो." अशा रीतीनं आम्ही तिघं पक्ष्यांचे रुग्ण म्हणून किनाऱ्याकडे निघालो.

बसमध्ये खिडकीच्या जागा मिळाल्या, हे सांगायला नको. बाकीची मंडळी बरी होती. एक लांब नळीच्या कॅमेऱ्याचे गृहस्थ होते. ते याच पक्ष्यांसाठी पूर्वीही येऊन गेले होते आणि धुक्यामुळे हात हलवत परतले होते. गळ्यात शिट्टी अडकवलेल्या मार्गदर्शक बाई होत्या. आणि बाहेर तो किनारा होता. मी पुष्कळ जागा बघितल्या आहेत, पण एवढी जागा एकदम कधी बघितली नव्हती. सकाळी खिडकीत वाळू असायची, दुपारीही तीच वाळू, संध्याकाळी दूरवर एक माणूस दिसला तर बसमधली सगळी मंडळी त्याला हात करायची. कुठे रांग नाही, कुठे बाक नाही, कुणाला ढकलायचं तर कुणी नाही. अशा ठिकाणी माझ्यासारख्या माणसाला आपण आहोत की नाही असं वाटायला लागतं.

म्हणून, केवळ सवय मोडू नये म्हणून, मी जागा धरायला लागलो.

पहिल्या ठिकाणी खडकात एक भोक होतं. त्यातून लाटेचं पाणी शिट्टी वाजवत वर उडतं, असं बाईंनी सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी शांत होतं. सगळ्यांच्या पुढे जाऊन मी सर्वांत जवळची, गुळगुळीत, बसायला खोलगट जागा हेरली आणि तीवर रुमाल टाकला. ते भोकच होतं. लाट आली तेव्हा रुमाल आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि पाणी एका वृद्ध दांपत्याच्या डब्यात पडलं. बाईंनी शिट्टी वाजवली. तीही भोकाच्या शिट्टीत ऐकू आली नाही.

वाळूच्या टेकडीवर सूर्यास्त बघायला जायचं होतं, तर मी आधीच चढून माथ्यावर आमच्या चपला ओळीनं मांडून आलो. वाऱ्यानं त्या पुरल्या. पुढचा तासभर अख्खी बस गुडघ्यांवर बसून माझ्या सासऱ्यांच्या चपला उकरत होती आणि सूर्य त्यांच्या पाठीमागे बुडाला. "मावळला का?" सासऱ्यांनी विचारलं. "मावळला असावा," कॅमेऱ्याचे गृहस्थ माझ्याकडे बघत म्हणाले. बायकोनं माझ्या हातातला उरलेला रुमाल काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकून चेन लावली.

"आता पक्ष्यांपर्यंत काही करायचं नाही," ती म्हणाली. "बाबांना नीट बघू दे. मी हात जोडते."

मी कबूल केलं. अगदी मनापासून केलं. पण मनातून मी त्यांना पहिली रांग कबूल करून बसलो होतो, आणि रुमाल काढून घेतला म्हणून शब्द काढून घेता येत नाही.

खडकाच्या मुक्कामी आम्ही दुपारी पोचलो. मुक्काम म्हणजे चार खोल्या आणि एक ओसरी. दुसऱ्या दिवशी सकाळी बस परत फिरणार होती, त्यामुळे पक्ष्यांची संध्याकाळ एवढीच. बाईंनी सांगितलं, जेवून आराम करा, संध्याकाळी मी घेऊन जाईन. बायको पडल्या पडल्या झोपली. सासरे खुर्चीत मान टाकून बसले होते, डोळे मिटलेले. मी बॅगेतून चादरींचा गठ्ठा काढला, खाटेवरची उशी काखेत मारली आणि चोरपावलांनी बाहेर पडलो.

ओल्या वाळूवरून थोडं चाललो आणि जे दिसलं ते बघून मला सरकारबद्दल आदर वाटला. आयुष्यात असं क्वचितच वाटतं म्हणून सांगतो. समोर एक रुंद, सपाट, मोठा ओटा होता, चढायला सोपा, समुद्राकडे तोंड केलेला. आणि एवढ्या आडरानात कुणीतरी तो वरपासून खालपर्यंत छान चुना मारून पांढरा केला होता. प्रेक्षकांच्या बसण्याची एवढी सोय मी शहरातल्या सभागृहातही बघितलेली नाही. चुना जरा ठिकठिकाणी जाड बसला होता आणि त्याला उग्र वास होता, पण सरकारी कामात तेवढं चालायचंच. विशेष म्हणजे ओटा अख्खा मोकळा होता. बाकीचे सगळे झोपले होते.

मी वरच्या भागात मधोमध चादरी अंथरल्या. निळ्या किनारीची सासऱ्यांसाठी, अगदी पुढे. पाठीला उशी. चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले, वारा शिरला तर उडू नये म्हणून. मागे सरकून पाहिलं. इतकी सुंदर जागा मी जन्मात धरली नव्हती. बसमधल्या सगळ्यांना बसवता आलं असतं, शिट्टीवाल्या बाईंनासुद्धा. चपलांचं उट्टं निघेल, असं मनाशी म्हणत मी परत येऊन झोपलो, आणि झोपही छान लागली.

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना गोळा केलं आणि आम्ही निघालो. मी सासऱ्यांचा हात धरून पुढे होतो. "बाबा, आज जागा बघा," मी त्यांच्या कानात म्हणालो. ते हसले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि केस पाणी लावून बसवले होते. नवरदेवाकडे जायच्या वेळीसुद्धा, म्हणजे माझ्याकडे, त्यांनी एवढी तयारी केली नव्हती.

पण बाई ओल्या वाळूकडे वळल्याच नाहीत. त्या उलट्या दिशेला, उंचवट्यावरच्या लाकडी कठड्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "इथूनच बघायचं. आवाज करायचा नाही. तो समोर खडक."

मी बघितलं. ओली वाळू नव्हतीच. तिच्या जागी समुद्र होता, आणि समुद्राच्या मधोमध, सगळीकडून पाण्यानं वेढलेला, माझा ओटा होता. वर माझ्या चादरी होत्या.

चुना कुणी मारला होता ते मला त्या क्षणी कळलं. शतकानुशतकं मारत होते, आणि आत्ता परत यायला निघाले होते.

"ते काय आहे तिथे?" बाई म्हणाल्या.

कुणी बोललं नाही. मी तर नाहीच नाही. बोलायची तीच वेळ होती. 'माझ्या आहेत' एवढंच म्हणायचं होतं. बायकोनं खडकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा खडकाकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून डोळे मिटले की दिसतं.

पाणी आता ओसरेपर्यंत तिथे कुणाला जाता येणार नव्हतं. तेवढ्यात पक्षी आले.

आधी लांबवर धूर दिसला. मग धुराला आवाज फुटला, मग पंख फुटले, आणि बघता बघता आमच्या डोक्यावरचं आभाळ पांढरं झालं. एवढं देखणं मी काही बघितलेलं नाही आणि एवढी लाजही मला कधी वाटलेली नाही, दोन्ही एकदमच. पक्षी खडकावर झेपावले. चादरींत वारा शिरला, त्या फुगल्या, फडफडल्या. पक्षी बिचकून वर गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. लहान पोरं घराला कुलूप बघून रडतात तसा त्यांचा कालवा चालला होता. आणि धोंडे मी इतके नीट ठेवले होते की एक चादर उडेल तर शपथ.

शेवटी ते गेले. सगळेच्या सगळे, समुद्रावर दूर, दिसेनासे होईपर्यंत.

"उतरलेच नाहीत," कुणीतरी म्हणालं.

"कसे उतरतील?" कॅमेऱ्याच्या गृहस्थांनी नळी खडकाकडे रोखली होती. "चादरी आहेत. कुणीतरी खडकावर चादरी अंथरून ठेवल्यात. उशीपण आहे. एकीला निळी किनार आहे." त्यांनी नळी फिरवून आणखी जवळ आणली. "थांबा, कोपऱ्यात काहीतरी लिहिलेलं आहे. नाव भरलेलं दिसतंय. वाचतो."

आडनाव सासऱ्यांचं सहा अक्षरी आणि सासूबाईंचा टाका ठळक. मी कठडा घट्ट धरला. पळून जायला जागा पुष्कळ होती, पण लपायला एकही नव्हती.

"उतरले," सासरे म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. सासरे कठड्यावर दोन्ही हात ठेवून पुढे वाकले होते. चेहरा उजळला होता. ते नेमके खडकाकडे बघत होते. "अगं, उतरले बघ," ते माझ्या बायकोला म्हणाले. "पांढरेशुभ्र. केवढे मोठे आहेत गं. पंख हलतायत. कॅलेंडरवर हलत नव्हते." मग त्यांनी कॅमेऱ्याच्या गृहस्थांकडे अंदाजानं तोंड वळवलं. "तुम्हाला त्या नळीतून जवळचे दिसत असतील."

वारा चादरींत खेळत होता. कॅमेऱ्याच्या गृहस्थांनी नळी हळूच खाली केली. हा माणूस पूर्वी धुक्यात उभा राहून परत गेला होता, आणि आज माझ्यामुळे परत चालला होता.

"हो आजोबा," ते म्हणाले. "फार छान उतरलेत."

"किती वेळ बसतात हो ते?" सासऱ्यांनी विचारलं.

बाईंनी ओठांपर्यंत नेलेली शिट्टी खाली सोडली. "हे पक्षी," त्या माझ्या सासूबाईंच्या चादरींकडे बघत कोरड्या आवाजात म्हणाल्या, "फार लांबून येतात. दमलेले असतात. एकदा बसले की सकाळपर्यंत हलत नाहीत." यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं होतं.

मग एकेक जण पुढे झाला. ज्या दांपत्याच्या डब्यात मी पाणी ओतलं होतं, त्यातल्या आजी म्हणाल्या, तो डावीकडचा किती डौलदार. कुणी म्हणालं, पिल्लूपण दिसतंय. ती उशी होती. त्या सगळ्यांनी परवान्याच्या खिडक्या सोसल्या होत्या, वाळू खाल्ली होती, आणि आपलं सगळं गेलं असताना ते एका म्हाताऱ्या माणसासाठी चादरींना पक्षी म्हणत होते. नाव वाचायचं राहून गेलं. मी सुटलो होतो. सुटल्याची एवढी लाज वाटते हे मला माहीत नव्हतं.

रात्री बायको एवढंच म्हणाली, "बाबांना कळू द्यायचं नाही. कधीच." आणि आमच्या वाट्याला आलेल्या परक्या चादरीवर पाठ फिरवून झोपली. सकाळी बस लवकर सुटली तेव्हा खडकाभोवती पाणी होतंच. बाईंनी मुक्कामाच्या माणसाला पाणी उतरलं की ते सामान काढायला सांगितलं. मी खिडकीची जागा एका परक्या गृहस्थांना दिली आणि मागे चाकावरच्या सीटवर जाऊन बसलो.

घरी आलो त्या संध्याकाळी सासऱ्यांकडे सोसायटी लोटली. ते समोरच्याच इमारतीत राहतात. खोलीत खुर्च्या, खाट, स्टूल, सगळं भरलं. मी दाराशी उभा राहिलो, आत जायचा धीर होईना. सासरे मधोमध बसून सांगत होते, आणि घड्याळाचं काम करावं तसं एकेक बारीकसारीक जागच्या जागी बसवत होते. धुरासारखा थवा कसा आला, आवाज कसा झाला, कसे उतरले.

"आणि जावईबापूंनी जागा अशी धरली होती म्हणता," ते म्हणाले, "की त्यांच्यापुढे कुणी नव्हतं."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. सेक्रेटरींनी दोन हात जोडून मला नमस्कार केला. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"त्यातल्या एकाला," सासरे म्हणाले, "पंखांना निळी किनार होती."

प्राध्यापक ताठ झाले. त्यांनी मांडीवरचं पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक उघडलं, मागे गेले, पुढे आले. "निळ्या किनारीचा नाहीच यात," ते म्हणाले. "किती रुंद होती किनार?"

"चार बोटं असेल."

"मग नवीनच जात आहे. पक्षीमित्र मंडळाला कळवलं पाहिजे." प्राध्यापकांचा आवाज भरून आला होता. सेक्रेटरी म्हणाले, कळवायला हवंच, आणि जावईबापूंचा सत्कारही ठेवू, सभागृहात पहिल्या रांगेत बसवू. मंडळाला निवेदन कुणी लिहायचं यावरून त्या दोघांत तिथेच जुंपली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या, रिकामी बॅग हातात उलटी धरून.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "यात एकही चादर नाही. माझी निळ्या किनारीची चादर कुठाय?"

प्राध्यापकांचं बोट पुस्तकावर जिथे होतं तिथेच थांबलं. त्यांनी हळूहळू मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मग सेक्रेटरींनी बघितलं. मी तोंड उघडलं. या वेळी खरंच उघडलं, सांगून टाकायचं ठरवून.

"माझ्या हातून गेल्या त्या," सासरे म्हणाले. "सगळ्या बसमध्ये राहिल्या. मी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि विसरलो."

"तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या. "कधी स्क्रू विसरला नाहीत, आणि चादरी विसरलात? माझ्या हातची किनार होती ती." आणि त्यांनी सगळ्यांदेखत नवऱ्याचा जो उद्धार सुरू केला तो काही केल्या थांबेना. सासरे मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते.

मी तिथेच दाराची चौकट धरून उभा होतो. चादरींबद्दल आम्ही त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं. बसमध्ये त्यांच्या मांडीवर पाण्याच्या बाटलीशिवाय काही नव्हतं. डोळे अधू होते त्यांचे, कान नव्हते. कठड्यापाशी 'निळी किनार' त्यांनी ऐकली होती, 'नाव वाचतो' तेही ऐकलं होतं, आणि त्याच्या पुढच्याच क्षणी पक्षी उतरले होते. त्यांच्या आयुष्यातली ती एकच संध्याकाळ होती, आणि ती त्यांनी माझी लाज झाकण्यात खर्च केली. उतरणारे पक्षी त्यांना दिसलेच नाहीत. आता कधीही दिसणार नाहीत. हे मी केलं, आणि त्यांनी केलं ते असं.

सासूबाई दमून आत गेल्या. लोक पुन्हा हळूहळू बोलायला लागले. सासऱ्यांनी दाराच्या दिशेनं तोंड वळवलं.

"जावईबापू, उभे का? या की इथे."

"जागा नाही बाबा," मी म्हणालो.

"आहे," ते म्हणाले. "धरून ठेवलीय."

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक रुमाल होता. अर्धवट उलगडलेला, एक कोपरा फटीत खोचलेला. एवढ्या गर्दीत त्याला कुणी हात लावला नव्हता. माझ्यासाठी आजवर कुणी जागा धरली नव्हती. मी गेलो, रुमाल उचलला आणि मान खाली घालून बसलो. सासऱ्यांनी चाचपून माझा हात हातात घेतला आणि पक्ष्यांची गोष्ट पुढे सांगायला सुरुवात केली.